पाच हजारांच्या आत हॉट एअर रिवर्क स्टेशन: कोणतं घ्यावं आणि हातात आल्यावर काय तपासावं?

निळी_एलईडी

छंदाच्या कामासाठी हॉट एअर स्टेशन (गरम हवेने सोल्डर वितळवून बोर्डावरचे भाग काढायचं-बसवायचं यंत्र) घ्यायचं आहे. कामं अशी: खराब झालेलं ईएसपी३२-व्रूम वाय-फाय मॉड्यूल बोर्डावरून उतरवून नवीन बसवणं, सीपी२१०२ या यूएसबी चिपेसारखी क्यूएफएन (पाय बाहेर न आलेली, पॅड पोटाशी असलेली) चिप बदलणं, १११७ व्होल्टेज रेग्युलेटर आणि एसओआयसी (दोन बाजूंना पाय असलेल्या) चिपा काढणं, जुन्या बोर्डांवरून सुटे भाग सोडवणं. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या बोर्डांची दुरुस्ती करायची नाही. बजेट पाच हजार. फरक खरोखर पडत असेल तर थोडं वर जाता येईल.

ऑनलाइन पाहिलं तर ८५८डी नावाची डझनभर यंत्रं दिसतात. सगळ्यांवर ७०० वॉट, १२० लिटर प्रति मिनिट आणि ४८० किंवा ५०० अंश असंच लिहिलेलं, किमतीत मात्र दुपटीचा फरक. त्याच्या वर क्विक ८६१डीडब्ल्यू, अॅटन एसटी-८६२डी ही कित्येक पट महाग. मधलं काय? निवड नेमकी कशावरून करायची?

तांब्याची_तार

आधी प्रकार समजून घ्या, मग आकडे वाचा. हवा कुठून येते त्यावरून तीन जाती पडतात.

पहिली, पंखा मुठीतच, म्हणजे हातात धरायच्या भागातच असलेली. ८५८डी आणि तिची सगळी भावंडं यात मोडतात. मूठ जाड आणि जड, पण रचना सोपी नि सुटे भाग मुबलक. पंख्याचा दाब कमी असतो. त्यामुळे बारीक नोझल (हवा बाहेर पडायचं तोंड) लावलं की हवा लगेच घटते.

दुसरी, डब्यात डायफ्रॅम पंप असलेली, म्हणजे ८५०-८५२ वर्गातली. मूठ हलकी आणि हवा कमी. बारीक भागांसाठी ते चांगलंच. पण पंप गुरगुरतो, आणि मोठ्या तांब्याच्या थरासमोर ही मशीन दमते. नवीन घेतली तर डब्याच्या तळाशी असलेला वाहतुकीचा स्क्रू चालू करण्याआधी काढायचा असतो. तो तसाच राहिला तर पंप जाम होऊन खराब होतो.

तिसरी, डब्यात ब्लोअर असलेली हजार वॉटची. ८६१डीडब्ल्यू आणि ८६२डी या त्या. बारीक नोझलातूनही हवा जोरात येते आणि तापमान ढळत नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत दिवसभर चालतात त्या याच.

आता आकड्यांचं गणित करून बघा. १२० लिटर हवेचं वजन साधारण १४४ ग्रॅम. म्हणजे सेकंदाला २.४ ग्रॅम. ही हवा २५ वरून ३५० अंशांवर न्यायची तर सुमारे ७८० वॉट लागतात, ४८० अंशांवर न्यायला जवळजवळ ११००. म्हणजे ७०० वॉटच्या हीटरला पूर्ण १२० लिटर आणि ४८० अंश एकाच वेळी देणं शक्यच नाही. तो १२० चा आकडा मोकळ्या पंख्याचा आहे, नोझलमधून येणाऱ्या हवेचा नाही. म्हणून त्या आकड्यांवरून दोन ८५८डींची तुलना करू नका. पेटीवर ५०० छापलेलं यंत्र ४५० छापलेल्यापेक्षा चांगलं असतं असंही नाही. ४०० च्या वर जायची वेळ तुमच्या यादीतल्या कामांत यायलाच नको.

तुमच्या यादीसाठी ८५८डी पुरतं. अट एकच: ते आतून नीट जोडलेलं हवं.

फेज_न्यूट्रल

"आतून नीट जोडलेलं" यावरच सविस्तर लिहितो, कारण स्वस्त आणि महाग ८५८डीमधला खरा फरक तिथे आहे. या यंत्रात हीटर थेट २३० व्होल्टवर चालतो आणि तो तुमच्या हातातल्या मुठीत असतो. मधे ट्रान्सफॉर्मर नाही. अर्थिंग तुटलेली असेल आणि आतली अभ्रकाची गुंडाळी फाटली, तर नोझलवर फेज येतो. चिप मरते ती वेगळीच, माणसालाही धोका आहे.

यंत्र आल्यावर प्लग सॉकेटमध्ये घालायच्या आधी मल्टिमीटर घ्या.

प्लगची मोठी पिन, म्हणजे अर्थ, ते नोझलचं धातूचं टोक: एक ओहमच्या आत यायला हवं. मीटरच्या वायरींचा रोध वजा करा. काहीच दाखवत नसेल तर यंत्र परत करा. परत घेत नसतील तर उघडून अर्थची वायर कुठे सुटली आहे ते शोधा. बहुतेक वेळा ती डब्याला रंगावरूनच स्क्रूने आवळलेली असते आणि रंगामुळे संपर्क होत नाही. तेवढा रंग खरवडून दातेरी वॉशर लावा. मुठीपर्यंतची अर्थ वायर जोडलेलीच नाही असेही नग बाजारात असतात.

उरलेल्या दोन पिनांपैकी प्रत्येक ते अर्थ: खटका चालू स्थितीत ठेवूनही मीटरने मेगाओहममध्येच काहीतरी दाखवावं, किंवा उघडं.

मग झाकण उघडा. प्लग हातात धरून पिना आपल्याकडे आणि अर्थची पिन वर ठेवली की डावीकडची पिन फेज. त्या पिनेपासून फ्यूज आणि खटक्यापर्यंत सातत्य तपासा. पुष्कळ स्वस्त नगांत फ्यूज आणि खटका न्यूट्रलमध्ये घातलेले असतात. तेव्हा खटका बंद असूनही हीटरवर फेज असतोच. दोन वायरींची अदलाबदल केली की हे सुधारतं. फक्त टोकं नुसती पिळून ठेवू नका, योग्य थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावा. घरच्या सॉकेटमध्ये फेज उजवीकडेच आहे ना, हेही टेस्टरने बघून घ्या, नाहीतर डब्यातली दुरुस्ती वाया.

हीटर चालू-बंद करायला ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक खटका) असतो. ट्रायॅक बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो. मग हीटर पूर्ण ताकदीने चालू राहतो आणि पडद्यावरचा आकडा सेट केलेल्यापेक्षा वर चढतच जातो. आकडा थांबत नाही असं दिसलं की मेनचा खटका बंद करायचा. काम झाल्यावर मशीनचाच नाही, भिंतीवरचाही खटका बंद. चालू मशीन सोडून खोलीबाहेर जाऊ नये.

शेवटची चाचणी पाळण्याची, म्हणजे मूठ ठेवायच्या खोबणीची. मुठीत रीड स्विच (चुंबकाने चालणारा खटका) आणि पाळण्यात चुंबक असतो. मूठ पाळण्यात ठेवली की हीटर बंद होऊन पंखा चालू राहिला पाहिजे, आणि आकडा साधारण १०० अंशांच्या खाली आल्यावर पंखा थांबला पाहिजे. काही अगदी स्वस्त नगांत हे नसतंच. ते घेऊ नका.

निळी_एलईडी

ही माहिती कुठल्याच विक्रीच्या पानावर नाही. धन्यवाद. एक विचारायचं राहिलं: थोडे जास्त पैसे देऊन सोल्डरिंग आयर्न आणि हॉट एअर एकत्र असलेलं ८७८६डी घ्यावं का? टेबलावर जागा कमी आहे.

सह्यकडा

नको. ८७८६डीमध्ये हवेचा भाग ८५८डीचाच असतो आणि आयर्नचा भाग ९३६ च्या नकलेचा, ९००एम जातीच्या टिपांचा. या टिपा हीटरवर सैल बसतात आणि मधल्या फटीमुळे उष्णता टिपेपर्यंत उशिरा पोचते. बोर्डाच्या अर्थला (ग्राउंडच्या तांब्याच्या थराला) जोडलेल्या पॅडवर हा फरक लगेच जाणवतो. तेवढ्या पैशांत टी१२ जातीचं आयर्न वेगळं मिळतं. त्यात हीटर टिपेतच असतो, त्यामुळे ते कितीतरी सरस. शिवाय एकत्र मशीन बिघडलं की दोन्ही हत्यारं एकदम बंद. जागेचाच प्रश्न असेल तर पाइनसिल किंवा टीएस१०१ सारखं पेनाएवढं आयर्न घ्या.

दुकानात जाणार असाल तर मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला 'एसएमडी मशीन' किंवा 'ब्लोअर' म्हणतात ते मागा, 'रिवर्क स्टेशन' म्हटलं तर काहींच्या लक्षात येत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. प्रत्यक्ष घेण्याचा मोठा फायदा हा, की वर सांगितलेली अर्थची चाचणी काउंटरवरच करता येते. मल्टिमीटर सोबत न्या. त्याच दुकानात त्या मॉडेलचा सुटा हीटर मिळतो का तेही विचारा. मिळत नसेल तर दुसरा ब्रँड बघा.

मुग्धा_मायक्रो

थोडं वेगळं मत मांडते. यादी परत वाचा. एसओआयसी आणि १११७ साठी हॉट एअरची गरज नाही. रुंद टिपेचं आयर्न, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायची पेस्ट) आणि दोन्ही बाजूंना सोल्डरची एकेक जाड रेघ एवढ्यात एसओआयसी निघते. दोन रेघा आलटून पालटून वितळवत राहायच्या आणि चिमट्याने सरकवायची. नवीन बोर्ड जोडायचे असतील तर हॉटप्लेट हॉट एअरपेक्षा चांगली, कारण हवा नसल्याने भाग हलतच नाहीत. हॉट एअरची खरी गरज दोनच ठिकाणी: पोटाखाली अर्थ पॅड असलेले भाग, आणि सुटे भाग सोडवणं.

म्हणून माझी सूचना: सगळे पाच हजार मशीनवर घालू नका. साधं पण तपासलेलं ८५८डी घ्या आणि उरलेल्या पैशांत खालून तापवायची सोय करा.

तांब्याची_तार

मुग्धाताईंशी पूर्ण सहमत. ८५८डी आणि ८६१डीडब्ल्यूमधलं अंतर प्रीहीटरने, म्हणजे बोर्ड खालून तापवणाऱ्या प्लेटने, बरंच भरून निघतं. बोर्ड आधीच १२० अंशांवर असेल तर हवेला फक्त पुढचे शंभर-एक अंश चढवायचे राहतात. बोर्ड २५ वर असेल तर अर्थचा थर हवेतली उष्णता जवळजवळ आली तशी पसरवून टाकतो.

फक्त एक इशारा: थेट २२० व्होल्टवर चालणाऱ्या उघड्या पीटीसी (ठरावीक तापमानाला आपोआप थांबणाऱ्या हीटरच्या) अॅल्युमिनियम प्लेटा स्वस्तात मिळतात. त्यांच्या धातूच्या कवचाला अर्थ जोडलेली नसते. अर्थ स्वतः जोडल्याशिवाय त्या वापरू नका. एमएचपी३० सारखी कमी व्होल्टवर चालणारी छोटी प्लेट सुरक्षित आहे, पण तिचा पृष्ठभाग ३० बाय ३० मिमी एवढाच. ईएसपी३२ मॉड्यूलच्या खाली पुरते, मोठ्या बोर्डाला नाही.

कथील_६३

मशीनवर चर्चा झाली, आता यादीतल्या दोन अवघड कामांची पद्धत लिहितो. पद्धत कळली की मशीनमध्ये काय हवं आणि काय नको तेही कळतं.

आकडे लक्षात ठेवा: ६३/३७ शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, शिसेविरहित एसएसी३०५ साधारण २१७ ते २२०, बिस्मथचं १३८. तयार विकत मिळणारे मॉड्यूल-बोर्ड बहुतेक शिसेविरहित असतात.

ईएसपी३२-व्रूम उतरवणं. बॅटरी, बटण सेल, डिस्प्ले आधी काढा. लिथियम सेल बोर्डावर ठेवून हवा मारायची नाही, कधीच नाही. जवळची प्लास्टिक कनेक्टरं आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) आणि त्यावर अॅल्युमिनियम फॉइलने झाका. नुसती टेप उष्णता अडवत नाही, फॉइल अडवतो. मॉड्यूलच्या तीन बाजूंना मिळून ३८ पॅड असतात, १४, १० आणि १४. चौथी बाजू अँटेनाची. तिन्ही बाजूंना चिकट फ्लक्स लावा आणि आयर्नने शिशाचं सोल्डर थोडं थोडं मिसळा. त्याने वितळण्याचं तापमान उतरतं.

बोर्ड खालून तापवा. वरच्या पृष्ठभागाला १०० ते १२० अंश आले की वरून हवा. प्रीहीटर नसेल तर हॉट एअर २०० वर, पूर्ण हवा, बोर्डाच्या खालच्या बाजूने पाच-सहा सेंमीवरून दोन मिनिटं फिरवा. मग वरून १० मिमीचं नोझल किंवा नोझलशिवाय, ३५० अंश, हवा ७० ते ८० टक्के, अंतर दोन ते तीन सेंमी. हवा कडांवरून गोल गोल फिरवायची, पत्र्याच्या झाकणाच्या मध्यावर रोखायची नाही. झाकणाखाली फ्लॅश आणि क्रिस्टल यांचंही सोल्डर वितळत असतं. अशा वेळी मॉड्यूल तिरकं केलं किंवा आपटलं तर आतले भाग सरकतात. चांगलं मॉड्यूल दुसरीकडे वापरायचं असेल तर हे विशेष सांभाळा.

चिमट्याने हलकेच ढोसून बघा. मॉड्यूल किंचित सरकून परत जागेवर आलं तर पोटाखालचा अर्थ पॅडही वितळला आहे. तेव्हाच सरळ वर उचला. पॅड उखडण्याचं जवळपास एकच कारण असतं: एका कोपऱ्यातलं सोल्डर अजून घट्ट असताना ओढणं. वरून हवा सुरू केल्यावर दीड मिनिटात काहीच हललं नाही तर तापमान ४५० करू नका. त्याने वरची पाटी करपते आणि थर सुटतात, खालचा पॅड मात्र थंडच राहतो. थांबा, खालून आणखी तापवा.

सीपी२१०२ बसवणं. ही ५ बाय ५ मिमीची २८ पायांची क्यूएफएन. जुनं सोल्डर वातीने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) साफ करा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बाहेरच्या पॅडांवर शिशाच्या सोल्डरचा पातळ थर द्या. मधल्या पॅडवर त्याहून पातळ. इथेच बहुतेकांचं बिघडतं: मधे सोल्डरचा उंचवटा झाला की चिप त्यावर डोलते, एका बाजूचे पाय टेकतच नाहीत, आणि यूएसबी कधी ओळखलं जातं कधी नाही. फ्लक्स लावा, एक नंबरच्या पायाचा ठिपका जुळवा, चिप ठेवा. ३२० ते ३४० अंश, हवा ३० ते ४० टक्के, चार-पाच सेंमीवरून सुरुवात करून हळूहळू दोनवर या. सोल्डर वितळलं की चिप स्वतःच सरळ होते. वरून अगदी हलका दाब द्या, जादा सोल्डर कडेला येईल, ते आयर्नने ओढून घ्या. हवा जास्त ठेवली तर शेजारचे ०४०२ आकाराचे इवलेसे कपॅसिटर उडून जातात आणि नंतर ते कुठल्या किमतीचे होते हे कळायला मार्ग नसतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी बोर्डाचा जवळून फोटो काढून ठेवा.

फ्लक्सबद्दल: वायरी जोडायला डबीत मिळणारी आम्लयुक्त पेस्ट बोर्डावर लावू नका, तांबं हिरवं पडतं. सिरिंजमधलं रोझिनचं घ्या. आरएमए-२२३ आणि एनसी-५५९ या दोन्ही नावांच्या नकला भरपूर आहेत. गरम केल्यावर काळं पडणारं किंवा डोळ्यांना फार झोंबणारं असेल तर टाकून द्या. धूर तोंडावर येऊ देऊ नका. रोझिनच्या धुराने दमा जडू शकतो. छोटा पंखा धूर आपल्यापासून ओढून खिडकीबाहेर नेईल असा ठेवा, बोर्डावर वारा लागेल असा नाही.

कोकणी_मीटर

कथीलदादा, तुम्ही लिहिलेले ३५० हे पडद्यावरचे की खरे? स्वस्त मशीनचा पडदा आणि प्रत्यक्ष हवा यात फरक असतो ना?

कथील_६३

पडद्यावरचे, आणि ते सुरुवातीचा अंदाज म्हणूनच घ्या. सेन्सर हीटरजवळ, मुठीच्या आत असतो. नोझलबाहेर हवा दर सेंटीमीटरला थंड होत जाते, आणि नोझल किंवा हवेचा जोर बदलला की हिशेब बदलतो.

मोजायला मल्टिमीटरसोबत येणारं उघड्या मण्याचं के प्रकारचं थर्मोकपल (तापमान मोजायची दोन तारांची जोडी) पुरतं. नोझलसमोर मध्यभागी १० मिमीवर ते टेकूवर बांधा, हातात धरू नका. हवा मध्यम, पडदा ३०० वर, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मग ३५०, मग ४००. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर ऑफसेटने दुरुस्त होतो. काही नगांत त्यासाठी मेनू असतो, काहींत आत छोटा ट्रिमर (स्क्रूसारखा फिरवायचा भाग). तो झाकण बंद करून, बाहेरूनच फिरवता येत असेल तरच चालू मशीनवर फिरवा. आत मेनचा पुरवठा उघडा असतो.

त्याहून सोपी कसोटी म्हणजे भंगार बोर्ड. त्यावर ६३/३७ सोल्डरचा थेंब आणि शेजारी मूळचं शिसेविरहित सोल्डर. तुमच्या ठरलेल्या अंतरावरून दोन्ही किती सेकंदांत वितळतात ते बघा आणि मशीनवर चिठ्ठी चिकटवा. पुढे तोच आकडा कामाचा.

फेज_न्यूट्रल

सुट्या भागांबद्दल थोडं. ८५८डीचा हीटर जळला की नाही ते थंड असताना मोजा: २२० व्होल्ट, ७०० वॉटचा असेल तर ७० ओहमच्या आसपास यावं. उघडं दाखवलं तर गेला. जळण्याचं नेहमीचं कारण कमी हवा: पंख्यात धूळ, किंवा सगळ्यात बारीक नोझल लावून हवा अगदी कमी आणि तापमान उंच. बारीक नोझल असेल तेव्हा हवा निम्म्याच्या खाली नेऊ नका. मुठीच्या मागची जाळी ब्रशने साफ ठेवा.

नवीन हीटर किंवा अख्खी मूठ घेताना डब्याचा कनेक्टर किती पिनांचा आहे ते आधी मोजा. ८५८डी नावाखाली वेगवेगळी जोडणी असते. हीटर, थर्मोकपल, पंखा, रीड आणि अर्थ यांच्या वायरींचे रंगही सारखे नसतात. थर्मोकपल उलटं जोडलं तर तापताना आकडा खाली जातो आणि मशीन आणखी तापवत राहते. नवीन हीटर जोडल्यावर पहिल्यांदा २०० वर चालवा. आकडा वर जातो आहे याची खात्री झाली की पुढे. पहिल्या काही मिनिटांत थोडा धूर आणि वास येतो, तो बांधणीचा असतो, थांबतो.

हौस असेल तर: अॅटमेगा३२८पी असलेल्या ८५८डी+ साठी मुक्तस्रोत फर्मवेअर आहे. पण ८५८डी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात हाच मायक्रोकंट्रोलर नसतो. फर्मवेअर बघून खरेदी ठरवू नका.

निळी_एलईडी

ठरलं: रीड स्विच असलेलं साधं ८५८डी काउंटरवर अर्थ तपासून, टी१२ आयर्न वेगळं, आणि छोटी प्रीहीट प्लेट. आमच्याकडे लाइट जाते वारंवार. काम चालू असताना गेली तर? इन्व्हर्टरवर चालवता येईल का?

तांब्याची_तार

घरच्या लहान इन्व्हर्टरवर नको. ७०० वॉटचा हीटर म्हणजे त्याचा जवळजवळ सगळा जोर. आणि आउटपुट चौकोनी लहरीचा असेल तर ट्रायॅकचं नियंत्रणही बिघडू शकतं.

लाइट गेली की पंखा थांबतो आणि हीटर लालभडक राहतो. मूठ पाळण्यात ठेवू नका. ८५८डीच्या पाळण्यात नोझल खाली असतं, म्हणजे सगळी उष्णता वर मुठीच्या प्लास्टिककडे जाते. नोझल वरच्या दिशेने करून मूठ धरा किंवा धातूच्या स्टँडला टेकवा, गरम हवा वरून निघून जाईल आणि मागच्या जाळीतून थंड हवा आत येईल. पाच मिनिटं तरी. बोर्डाला हात लावू नका, वितळलेला भाग होता तिथेच थिजू द्या. भिंतीवरचा खटका बंद करा, म्हणजे लाइट परत आल्यावर हीटर आपोआप सुरू होणार नाही. मूठ कोमट झाल्यावरच पाळण्यात.

मुग्धा_मायक्रो

प्रीहीट प्लेटचा खटकाही त्याच वेळी बंद करा, ती विसरली जाते. आणि दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावणार असाल तर त्या बोर्डाच्या अर्थच्या भोकात खरंच वायर जोडलेली आहे का ते मीटरने बघा. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त एक्स्टेंशनमध्ये तीन भोकं असतात आणि आत वायर दोनच.